बायझंटाइनची जवारी

शंभरातले एकसष्ट डाव बायझंटाइन जिंकतंय.
तटबंदी स्वस्त, वर पाण्यावर पेटणारी आग,
चाळिसाव्या फेरीला समोरचा
माऊस ठेवून चहाला जातो.

तट पातळ केला. एकोणतीस.
पातळच ठेवून आग फुकट केली. अठ्ठावन्न.
मिरजेत, दुकानाच्या माळ्यावर, रात्रीचे दोन.
खाली टांगलेले भोपळे, लाखेचा वास,
आणि हाशमचाचा अजून तंबोऱ्यापाशी.

हाडाच्या घोडीवर कानस एकदाच फिरवतात,
तार छेडतात, मान हलवतात.
परत. केसाएवढं.
"जास्त घासलंस की संपलं," मला म्हणतात,
"हाड काय परत उगवत नाही."
मग तारेखाली सुताचा तुकडा.
त्याला जीव म्हणतात.
सरकवतात, थोडा मागे, अजून थोडा,
आणि एका जागी
अख्खं दुकान घुमायला लागतं.

वर येऊन तट होता तसा जाड केला,
आगीला तिची मूळ किंमत दिली.
फक्त उत्तरेला एक लहान दार ठेवलं,
ज्याची कडी दर फेरीला
आठवणीने लावायची.
घंटा नाही, सूचना नाही.
संगणकालाही जरासा विसरभोळा केला.

उजाडेपर्यंत शंभर डाव. एकावन्न.

मग स्वतः खेळायला बसलो.
बाविसाव्या फेरीला शहर गेलं.
राजवाड्यात परकी माणसं, आग कोठारात तशीच.
कडी राहिली होती.
खाली चाचा षड्ज लावत होते.