उजव्या काठावरचं गाव

अस्सल नकाशा सतराशे त्रेपन्नचा.
मी छापते ती त्याची नक्कल,
साईच्या रंगाच्या जाड कागदावर,
अठ्ठेचाळीस युरोला एक, पुठ्ठ्याच्या नळकांड्यासकट.
ज्यांना अस्सल परवडत नाही
त्यांची दुधाची तहान ताकावर,
आणि ताकही मी जरा घुसळूनच देते:
चहाचे डाग, कडेला पिवळट झाक.

हाम्बुर्गच्या दातांच्या डॉक्टरला घडीच्या रेघा हव्यात,
पण घडी नको.
लाइपझिगचे हेर टेट्सलाफ विचारतात,
कसरीचं भोक छापता, की खरंच पाडता?
छापते.
ते बोट लावून बघतात
आणि थोडे हिरमुसतात.

थुरिंगिया बरं खपतं. ऱ्हाइनचा काठही.
लाउझित्स सहसा कुणी मागत नाही.
वाळू, पाइन, तळी,
कोपऱ्यात ढाल धरून दोन गुबगुबीत पोरं,
त्यातल्या एकाला नाक नाही,
तांब्याचा पत्रा कधीतरी झिजला तेव्हापासून.

नोव्हेंबरात वोर्शा नाकोन्त्स आली.
ओली टोपी काढून हीटरवर ठेवली, घरच्यासारखी,
आणि म्हणाली, ओल्शिंका दाखवा.
तिच्या बोलीत ओल्शिंका,
नकाशात एल्लरबुश.
मी भिंग सरकवलं. चिमुकलं चर्च, शेजारी तीन छपरं.

"इथे नव्हतं," ती म्हणाली.
"आम्ही डाव्या काठाचे.
सूर्य नदीपलीकडून यायचा,
शाळेत जाताना थेट डोळ्यांत."

मला माहीत होतं.
माझ्या यादीत तशी नोंदच आहे:
'खोदकाराची चूक, जशीच्या तशी राखलेली.'
चुकीला चार पैसे जास्त मिळतात.

मग तिनं सांगितलं, न विचारता, भिंगातून डोळा न काढता.
आधी कबरी हलवल्या,
मग माणसं, सगळ्यात शेवटी घंटा.
गावाच्या पांढरीखाली कोळसा निघाला होता
आणि कोळसा कुणाचं ऐकत नाही.
आता तिथे पाणी आहे. पायडलच्या बोटी,
आइस्क्रीमची टपरी.
तिच्या नातवाला तळं फार आवडतं.

मला वाटलं, आपण काहीतरी करावं.
म्हटलं, तुमच्या एका प्रतीपुरतं दुरुस्त करून देते,
संगणकावर पाच मिनिटांचं काम,
गाव उचलायचं आणि पलीकडे ठेवायचं.

ती माझ्याकडे बघत राहिली.
"हेच," ती म्हणाली, "अगदी ह्याच शब्दांत,
तो फायलीवाला बोलला होता चौऱ्याऐंशी साली,
आमच्या स्वयंपाकघरात बसून,
आईनं केलेला खसखशीचा केक खाता खाता."

हीटरवर टोपीची वाफ निघत होती.
मला कुठे बघावं कळेना,
म्हणून मी बिननाकाच्या पोराकडे बघितलं.

तिनं नखानं उजवा काठ दाखवला.
"इथवर यंत्र आलंच नाही.
इथे अजून बटाटे लावतात.
असू दे गाव तिथेच."

दोन प्रती घेतल्या.
एक भावासाठी, तो होयर्सवेर्डात पाचव्या मजल्यावर राहतो,
लिफ्ट नाही.
डागांच्या नकोत म्हणाली, कोऱ्या द्या,
आमच्या घरी डाग पडतीलच.
सुटे पैसे मोजून ठेवले
आणि टोपी विसरून गेली.
दोन दिवसांनी येऊन घेऊन गेली, आत न बसता.

त्या रात्री मी यादीतला 'चूक' शब्द खोडला.
त्याजागी काय लिहावं, सुचलं नाही.
'खोदकाराची', मग मोकळी जागा,
मग 'जशीच्या तशी राखलेली'.
यादी तशीच छापून गेली.

हेर टेट्सलाफ यांचं पत्र आलंय:
ती मोकळी जागा मुळातच आहे का,
आणि असेल तर
किमतीत काही फरक पडतो का.