अर्धा आटा

कुताइसी, चौथा मजला, लिफ्ट बंद.
अवजारांची पेटी माझ्या खांद्यावर
आणि नुग्झारकाका पुढे,
पायरीगणिक गुडघ्याला शिव्या घालत.

लामाराबाईंनी फ्रिज आधीच रिकामा केलेला.
चीज, लोणी, आंबट आलुबुखारांच्या चटणीच्या बाटल्या
सगळं गॅलरीत. मार्चमध्ये
गॅलरीच जास्त गार.

काका लगेच काही उघडत नाहीत. ऐकतात.
टक्. मग घुंई. मग पुन्हा टक्.
दर चार मिनिटांनी,
कुणी बोलायला तोंड उघडावं
आणि जाऊ दे म्हणावं, तसं.

प्लग काढला.
(आधी प्लग. का, ते माझ्या डाव्या अंगठ्याला विचारा.)
फ्रिज पुढे ओढला. मागे धुळीची गोधडी,
एक चमचा, बाई वर्षभर शोधत होत्या तो.
मी बॅटरी धरली.
कॉम्प्रेसरच्या कुशीतला रिले उपटून
काकांनी माझ्या कानाशी हलवला:
वाळक्या शेंगेसारखा खुळखुळला.
"गेला," ते म्हणाले, आणि खिशातून नवा काढला.

एका पायाखाली पुठ्ठा निघाला,
सिगारेटच्या पाकिटाचा, चौपदरी.
"ओतारनं सरकवलेला," बाई म्हणाल्या.
"तरी डुगडुगायचाच."
काकांनी पायाचा स्क्रू फिरवला,
वर पाण्याची बशी ठेवून पातळी पाहिली.
फ्रिज असा गप्प झाला
की भिंतीपलीकडचा खोकला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत फोन.
"बंद पडलाय. रात्रभर आवाज नाही."

पुन्हा चार मजले, पुन्हा गुडघा.
लोणी दगड झालेलं. बर्फ धरलेला.
काकांनी दाराला तळवा लावला,
मग बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं, सुजलेल्या,
मग माझ्याकडे:
"पाना दे."

अर्धा आटा मागे.
फ्रिज शहारला. वरच्या काचेच्या झाकणांनी
बारीक किणकिण धरली.
बाई काही बोलल्या नाहीत,
चहाचं आधण ठेवायला वळल्या.

पुठ्ठा मी कालच कचऱ्यात टाकला होता.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

जिना उतरताना विचारलं, वहीत काय लिहू?
"दुरुस्ती," काका म्हणाले.
"आणि ती बॅटरी विझव आता,
उजाडलंय."