शीग

आधी अर्ध्या चमच्यावरचा आकडा गेला,
मग पावचा.
डिशवॉशरने दोन हिवाळ्यांत
प्लास्टिकचे सगळे चमचे एका वयाचे करून टाकले,
आणि रविवारच्या केकमध्ये सोडा पडला तिप्पट.
साबणासारखा लागला.
हेरंबने तरी दोन तुकडे खाल्ले,
दुसरा माझ्याकडे न बघता.

मी औषधं मोजते. इस्पितळाच्या फार्मसीत, एकोणीस वर्षं.
मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाखाली सही करते
आणि घरी आले की आमटीत मीठ
आईच्या हाताने पडतं, अंदाजपंचे.
आमटी माफ करते.
केक करत नाही.

म्हणून शनिवारी वॉकलीचा उतार उतरले.
सोबत शेजारची डोरीन, वय चौऱ्याऐंशी,
गुडघ्याला शिव्या घालत.
ह्याच शेफील्डमध्ये पंधराव्या वर्षी ती चमचे घासायला लागली,
फिरत्या चाकासमोर, अंगाला खाकी कागद गुंडाळून,
काळी राड नाकात, कानात, केसांत,
आणि पुढ्यात ढीग
दुसऱ्यांच्या जेवणांचा.

दुकानात काय नव्हतं!
तांब्याचा मुलामा दिलेले, रबरासारखे घडी होणारे,
एक सेट तर बदामाच्या आकाराचा.
मी बदामच उचलला.
“टोकात पीठ अडकतं गं,” ती म्हणाली
आणि डोळे मिटून
एकेका दांड्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवू लागली,
ताप बघावा तसा.
रिव्हेटचा ठेवून दिला: हा हलेल.
डाग दिलेला ठेवून दिला: इथे पाणी बसेल.
“आकडा छापलेला नको, खोदलेला घे.
नखाला लागला पाहिजे.
माझ्या वयात चष्मा सापडत नाही,
नख सापडतं.”

शेवटी मिळाला तो एका पत्र्यातून काढलेला,
बिनसांध्याचा, जड,
चमचे अरुंद, सोड्याच्या बाटलीत शिरतील असे.
कप आणि चमचे मिळून एकवीस पौंड.
मी किमतीपाशी घुटमळले. डोरीन दाराशी जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर सवयीने कप पाण्याने भरला, काट्यावर ठेवला.
कपावर दोनशे चाळीस,
काट्यावर दोनशे अडतीस.
“ते दोन तू सांडलेस,” डोरीन म्हणाली.

मग मैदा.
भरायचा, वरून सुरीची पाठ फिरवायची,
काठाला काठ.
माझा हात तिथेच थांबला.

बार्शीला आमच्या घरी मापाला शीग असायची.
चिपटं असो, मापटं असो, शेर असो,
वर डोंगर उभा राहिल्याशिवाय ते भरलं असं कुणी म्हणायचं नाही.
शेजारी साखर द्यायची ती शिगोशीग,
आणि उसनी वाटी सपाट परत गेली
तर आई आठवडाभर स्वतःशी बोलायची.
लग्नात उंबऱ्यावरचं माप मी पायाने लवंडलं
तेव्हा तांदूळ पार देवघरापर्यंत गेले.
सांडणं हाच शकुन होता.

पुसली सुरीने.
शीग डब्यात पडली,
जराही आवाज न करता.

केक फुगला. मधोमध एक भेग, ती असू दे.
डोरीनचा तुकडा कापताना
सुरी मी बोटभर बाहेर धरली
आणि स्टीलच्या ताटलीतून नेऊन दिला.

ताटली संध्याकाळी परत आली.
रिकामी. इथे तशीच येते,
इतक्या वर्षांत मी मनाला लावून घेणं सोडलंय.
कपाटात ठेवताना दिव्याखाली वळली:
लग्नातली ताटली, चरे पडून मळकट झालेली,
आता एक बोट नाही, डाग नाही,
कडेच्या पन्हळीतसुद्धा नाही.
कितीतरी वेळ घासली असणार,
त्या बोटांनी.
आत माझं तोंड दिसत होतं,
मागे ओट्यावर
पुसायचा राहिलेला मैदा.