चौथ्या मजल्यावरचा हिवाळा

रात्री अकराला वरून थेंब पडायचे
माझ्या दोरीवरच्या उशीच्या अभ्र्यांवर.
वाटलं, पाइप गळतोय.
वर गेले तर फणसे
कुंडीच्या कडेनं बर्फ मांडत होते,
फ्रिजचे दोन ट्रे, एकेक खडा,
पटावर सोंगट्या लावाव्यात तसा.
"याला थंडी दाखवावी लागते," म्हणाले,
"हजार तास. ठाण्यात कुठून आणू?"

वागळे इस्टेटीत एकतीस वर्षं कॉम्प्रेसर दुरुस्त केलेला माणूस.
कोटगढला शीतगृह बसवायला गेला,
तिथं बागेच्या कडेला हे रानसफरचंद:
खायचं नाही, नुसतं फुलायचं,
म्हणजे बाकीच्यांना फळ धरतं.
मालकानं शेवाळात गुंडाळून कलम दिलं.
आडनाव फणसे आणि लावलंय काय बघा,
स्वतःच हसायचे.

मी न विचारता शिकवायचे:
पानाची कड करवतीसारखी, बोट फिरवून बघा.
सांध्याखालून फुटतो तो धुमारा आपला नाही,
त्याला काटा येतो, तो मोडायचा.
कळी डाळिंबाच्या दाण्यासारखी, उमलली की पांढरी.
फळ बोराएवढं,
आडवं चिरलं तर आत पाच घरांची चांदणी.
सगळं तोंडपाठ.
पाहिलेलं एकदाच.

डिसेंबरात पानं खुडायचे, हातानं.
इथं झाडाला पानगळ सुचत नाही, आपणच सुचवायची.
दोनशे अकरा पानं, वर्तमानपत्रावर मोजून.
काकू म्हणाल्या, माझ्या कढीपत्त्याला तेवढा हात लावू नका.

अशी सहा वर्षं.

सातव्या जानेवारीत दोघं लेकीकडे, खारघरला,
काकांच्या मोतीबिंदूसाठी.
बर्फाचं काम माझ्यावर, चावी माझ्याकडे.
दोन रात्री मी विसरले, खरं सांगते.
मंगळवारी सकाळी अभ्र्यावर एक पाकळी.
मोगरा नव्हे, सदाफुली नव्हे.
कडेला पुसट गुलाबी, बुडाशी निमुळती.
चप्पल न घालता वर धावले.
शेंड्याला एकच फूल, चार पाकळ्यांचं.
चार, आणि माझ्या मुठीतली एक.

ती बशीत ठेवली, बशी फ्रिजमध्ये.
बुधवारी देठसुद्धा उरला नाही.

शुक्रवारी ते आले, काळा चष्मा लावून.
काही न बोलता मी फ्रिज उघडला.
त्यांनी आधी दाराच्या रबरावरून बोट फिरवलं.
"हे गेलंय," म्हणाले,
"थंडी सगळी बाहेर जातेय तुमची."
मग चष्मा काढला.