नख अडकतं तिथे

मानकापूरला, निंबाखाली, शेषराव पराते
बोटांवर पन्नी चढवून
बॉनेट चाचपतो.
"कोराडीची राख हाय. मेणात बसली."

मेण निघतं पिवळं,
तीन दसऱ्यांचं, माझ्याच हातचं, घाईचं,
आणि त्यानं झाकलेलं सगळं
उन्हात वर येतं.

"बुजतील ना?"
"ओरखडा बुजत नसते, भाऊ.
बाजूचा रंग उतरवा लागते
त्याच्याएवढा."

मशीन फिरतं. पत्रा तापला
की तो थांबतो. पाण्याचा हबका, बिडी.

डाव्या दारावर त्याचं नख अडकतं.
"याले नाही हात लावत. खाली पत्राच हाय."
ही रेघ कोणी ओढली, विचारत नाही.
मी सांगत नाही.

संध्याकाळी त्या दारात
अख्खा रिंग रोड लख्ख धावत होता,
एका ठिकाणी
चिरून.