उसना बर्फ

अहवाझ. दुपारचे तीन. वीज गेलेली.
शेगडी पेटवायची तर आधी
घरालाच विचारावं लागेल, अजून किती तापशील?

तीस वर्षं वेल्डिंगच्या ठिणग्यांत काढली,
आणि आज अर्ध्या खरबुजापुढे हरतोय.
किसणीखाली गर, गरात बोटाचं थोडं साल.
"सावकाश, देठाकडून किस," तू म्हणाली असतीस.
पण फरामर्झला पोचवून आल्यापासून
तू काहीच म्हणत नाहीस.

बिया चाळणीत राहिल्या, रस वाडग्यात उतरला.
जनरेटरवाल्या अबू जासिमकडून बर्फ उसना आणला,
फडक्यात बांधून उंबऱ्यावर आपटला.
साखर चिमूटभरच, फळ मुळातच लबाड गोड.
मग गुलाबपाणी.
फळीवर एकच बाटली, अर्धी.
ती कशासाठी आणली होती
ते आठवेपर्यंत हात कलला होता.

तू आतल्या खोलीत, ओल्या पडद्याआड.
एक चमचा घेतलास. थांबलीस.
"एवढं तर आपण
त्याच्या दगडावरही ओतलं नव्हतं."

चाळीस दिवसांतलं पहिलं वाक्य.
त्याला उत्तर कुठून आणू?
किसणी धुवायला उठलो.
पाठीमागे चमचा वाडग्याला लागला,
जरा वेळाने पुन्हा लागला.

"बर्फ आहे का अजून?"

नव्हता.
त्या उन्हात अबू जासिमच्या दारापर्यंत पळालो.
चपला उलटसुलट घातल्यात
हे परत येताना कळलं,
कोपरावरून पाणी ठिबकत असताना.