किलोमीटरला दहा रुपये

पाठीवर नंबर एकशे सोळा, पिना तीनच.
मार्केट यार्डापाशी हळदीचा वास आला
आणि मी उगाच ब्रेक दाबला.
केमोनंतर तुला तो सोसेना, मालन.
सात महिने बिनहळदीचं जेवलो आपण,
सांगलीत राहून!

मिरजेत चहावाला म्हणाला,
"सायकल मारून कॅन्सर बरा हुतोय व्हय?"
नाही हो, म्हटलं. साखर कमी घाला.

दंडोबाच्या चढावर उतरलेच शेवटी.
सायकल हातात, घाम डोळ्यात,
मागची पोरं घंटी वाजवत पुढं गेली.

वर वहीवाल्या मुलानं विचारलं,
"मावशी, ढकललेले दोन किलोमीटर धरू का?"

तुझी खुर्ची ढकलायचे मी
वॉर्डातून व्हरांड्याच्या टोकापर्यंत, रोज.

धर बाळा, म्हटलं.
ते आधी धर.